साइटवरचा धोका सांगायचा कसा? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नव्या साइट इंजिनिअर आणि सुपरवायझरसाठी

डिप्लोमा किंवा डिग्री हातात पडते, बेळगावातल्या एखाद्या कंत्राटदाराकडे किंवा खानापूर रस्त्याच्या कडेला चाललेल्या लेआउटवर नोकरी लागते, आणि पहिल्या आठवड्यात लेव्हल धरायला, सळी मोजायला, मापं लिहायला कोणी ना कोणी शिकवतं. धोका दिसला तर तो कुणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचा, हे मात्र कोणी समोर बसवून शिकवत नाही. या भागात घरं, शाळेच्या खोल्या, छोट्या मोऱ्या अशी कामं करताना जे हाताशी आलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर असतो, छापील फॉर्म असतात. ज्या साइटवर तुम्ही, एक मेस्त्री आणि पंधरा-वीस माणसं एवढाच कारभार आहे, तिच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. धोका कुणालाच दिसला नाही असं साइटवर फार क्वचित होतं. टेकू खचतोय हे सेंट्रिंगवाल्याला कळलेलं असतं. चराच्या काठाला भेग पडलेली पाणी मारणाऱ्या बाईने पाहिलेली असते. पण काम थांबवायचा किंवा पैसे मंजूर करायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्यापर्यंत ते जात नाही, किंवा "जरा बघा साहेब" एवढंच जातं. मालक, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार, तुम्ही, मेस्त्री, गवंडी, हेल्पर अशी ही साखळी आहे. तुम्ही तिच्या बरोबर मध्ये उभे असता. वरचं खाली आणि खालचं वर नेमक्या शब्दांत पोचवणं हे तुमचं काम आहे. ते लेव्हल धरण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आधी जवळ काय असावं

- जाड पुठ्ठ्याची, पानांना नंबर घातलेली, कार्बन लावून लिहायची वही. सुटे कागद नकोत.
- ताजं ड्रॉईंग, त्यावर तारीख आणि सुधारणेचा नंबर. जुनी प्रत साइटवर असेल तर तिच्यावर लाल रंगात मोठी फुली मारा. चुकीच्या ड्रॉईंगवर बांधलेला कॉलम हाही धोकाच आहे आणि तोही सांगावाच लागतो.
- माती तपासणीचा अहवाल झाला असेल तर त्याची प्रत.
- कामावरच्या प्रत्येकाचं नाव, घरचा फोन, आणि त्याला कोणती भाषा समजते ते.
- शिट्टी, टेप, चुना, लाल फडकी, एक काळा फळा आणि खडू.
- प्रथमोपचाराची पेटी, आणि फळ्यावर ठळक लिहिलेले नंबर: तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, विजेच्या तक्रारीसाठी हेस्कॉमचा (आपल्याकडच्या वीज कंपनीचा) १९१२.

कामगारांची यादी करताना कामगार कार्ड कुणाकडे आहे तेही विचारून घ्या. कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम अशी अट आहे. कार्डाचा विषय वेगळा आहे, पण ते करून द्यायला तुम्ही मदत केलीत तर माणसं तुमच्याशी मोकळं बोलू लागतात.

१. पहिल्या दिवशी साइट पायी फिरा आणि धोके स्वतः लिहा

इंटरनेटवरून तयार यादी उतरवू नका. त्यात बर्फ आणि क्रेन असते. आपल्याकडची शेजारच्या घराची मातीची भिंत त्यात नसते.

आपला जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना फार बदलतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा आणि धो धो पाऊस. जांभ्यात मारलेला खड्डा कोरड्या दिवसांत सरळ उभा राहतो, त्यामुळे माणसं निर्धास्त होतात. जांभ्याच्या कडक थराखाली कधी मऊ, पांढरट-तांबूस माती लागते. पाणी मुरलं की ती आधी सुटते आणि वरचा कडक थर अखंड ढपलीसारखा खाली येतो. बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी माती. उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाण्याने ती फुगते. काळ्या मातीत काल पक्की वाटलेली बाजू आज पाऊस पडला की तीच राहत नाही, म्हणून तिथली यादी रोज नव्याने बघावी लागते.

निपाणी-चिकोडी भागात वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेच्या काठाजवळ काम असेल तर गावातल्या जुन्या माणसाला एकच प्रश्न विचारा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? बहुतेक गावात कुणीतरी भिंतीवर हात ठेवून दाखवतं. ती उंची वहीत लिहा आणि सिमेंटची खोली, जनरेटर, कामगारांच्या शेड कुठे ठेवायच्या ते त्यावरून ठरवा.

बेळगाव शहरात, विशेषतः शहापूर, वडगावसारख्या जुन्या वस्तीत, तीन गोष्टी आवर्जून बघा. शेजारच्याची दगड-मातीची भिंत तुमच्या खड्ड्यापासून किती दूर आहे. जागेत पूर्वी विहीर होती का आणि ती कशाने बुजवली. आणि डोक्यावरून जाणारी तार कोणत्या दाबाची आहे. विहिरीचं उत्तर कागदावर सापडत नाही, शेजारच्या आजींकडे सापडतं.

हा फेरफटका एकट्याने करू नका. मेस्त्रीला बरोबर घ्या आणि त्याला आधी बोलू द्या.

२. एक धोका, एक पूर्ण वाक्य

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. घाई असेल तर बाकीचं नंतर वाचा, एवढं आजच करून बघा.

वहीत "खड्डा धोकादायक आहे, काळजी घ्यावी" असं लिहिलेलं मी कितीतरी साइटवर पाहिलं आहे. त्या वाक्याने कोणीच जागचं हलत नाही. काळजी कोण घेणार? कोणती? कधीपर्यंत? वाक्यात सहा गोष्टी हव्यात: नेमकी जागा, काय होऊ शकतं, कशामुळे होईल, कुणाला लागेल, आता काय करायचं, आणि ते कोण कधीपर्यंत करणार.

असं लिहा: "ए-३ फुटिंगच्या खड्ड्याची पश्चिमेची बाजू २.२ मीटर उभी आहे, वर शेजारच्या घराची भिंत आहे. रात्री पाऊस झाला तर बाजू सुटून खाली सळी बांधणाऱ्या दोघांवर येईल. आज दुपारी तीनच्या आत मेस्त्रीने फळ्या-वासे लावून आधार द्यायचा, तोवर खड्ड्यात कोणी उतरायचं नाही."

वाक्य लांब आहे, पण वाचणाऱ्याला परत प्रश्न विचारावा लागत नाही. "कोण" या जागी पद किंवा माणसाचं नाव लिहा. "संबंधितांनी" हा शब्द वहीत येऊच देऊ नका. तिघांवर सोपवलेलं काम बहुतेक वेळा कुणीच करत नाही.

वाक्यासमोर दोन खुणा करा. पहिली: हे घडण्याची शक्यता जास्त, मध्यम की कमी. दुसरी: घडलं तर नुकसान किती, म्हणजे जीव, हात-पाय, की पैसे आणि वेळ. पाच गुणिले पाचचे तक्ते, गुणाकार, टक्के यांत पडू नका. छोट्या साइटवर आकड्यांवरून वाद होतो आणि उपाय बाजूला राहतो. जिवाचा धोका असेल तर शक्यता कमी असली तरी तो यादीत सगळ्यात वर लिहा.

३. तोच धोका प्रत्येकाला त्याच्या कामाच्या भाषेत

मालकाला मिलिमीटर सांगून उपयोग नाही. त्याला कळायला हवं की किती दिवस आणि किती खर्च, आणि आत्ता केलं नाही तर पुढे काय. "टेकूखालची भर पक्की करायला एक दिवस आणि अमुक रुपये लागतील. केलं नाही तर स्लॅब बसेल आणि तोडून परत घालावा लागेल." एवढं पुरतं. रक्कम अंदाजाने सांगू नका, कंत्राटदाराकडून लेखी घेऊनच सांगा.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला उलट मापंच हवीत. भेगेची लांबी, रुंदी, दिशा, कधी दिसली, काल होती का. फोटोत टेप किंवा पेन ठेवा म्हणजे आकार समजतो. एक फोटो जवळून, एक लांबून. फक्त जवळून काढलेल्या फोटोवरून भेग कोणत्या बीमची आहे ते त्याला बेळगावातल्या ऑफिसात बसून कळणार नाही.

मेस्त्रीला काय करायचं आणि कोणती माणसं लावायची ते. हेल्परला कुठे उभं राहायचं नाही ते. त्याला कारणही सांगा, पण जागा आधी.

४. सकाळचं बोलणं: दहा मिनिटं, तीन भाषा

आपल्या साइटवर खानापूर भागातल्या गावांतले मराठी गवंडी, विजापूर-बागलकोटकडचे कन्नड बोलणारे खोदकामवाले, आणि सळी-सेंट्रिंगला बिहार, झारखंड, ओडिशाकडची पोरं एकत्र असतात. मराठीत दहा मिनिटं भाषण दिलंत तर निम्म्या माणसांना तुमचा फक्त चेहरा दिसला.

त्यामुळे ठरवून करा. काम सुरू व्हायच्या आधी सगळे एका जागी. फळ्यावर आजचा धोका, जास्तीत जास्त दोन, चित्र काढून. पाच धोके सांगितले तर एकही लक्षात राहत नाही. मग त्या जागेवर जाऊन हात दाखवून सांगा. ऑफिसच्या शेडमध्ये उभं राहून खड्ड्याबद्दल बोलू नका.

थांबवायचे शब्द मात्र तिन्ही भाषांत सगळ्यांना पाठ हवेत, मग त्यांची मातृभाषा कोणतीही असो:

- थांबा, निल्ल्री, रुको
- मागे सरा, हिंदक सर्री, पीछे हटो
- खाली उतरा, केळग इळीरी, नीचे उतरो
- हात लावू नका, मुट्टब्याड्री, हाथ मत लगाओ

आणि मिक्सर चालू असताना कोणताच शब्द ऐकू जात नाही, म्हणून शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबा. शिट्टी दुसऱ्या कशालाही वाजवायची नाही. जेवणाच्या सुट्टीला तर मुळीच नाही.

समजलं का हे "समजलं का?" विचारून कळत नाही. सगळे मान हलवतात, कारण न समजणं कबूल केलं तर मजुरी जाईल असं वाटतं. त्याऐवजी एकाला सांगा, "आज कुठे जायचं नाही ते मला दाखव." तो चालत जाऊन बरोबर जागा दाखवेल, नाहीतर चुकीची दाखवेल. चुकीची दाखवली तर बाकीच्यांना त्याच्यावर हसू देऊ नका, परत सांगा.

इथे एक सापळा आहे. नवी माणसं कन्नड किंवा हिंदी येत नाही म्हणून सगळं मेस्त्रीच्या तोंडून सांगतात. मेस्त्री चांगला असला तरी तो लांब वाक्य आखडतं करतो, आणि त्यात कारण गळतं. तुम्ही म्हणता "पाऊस झाल्याने बाजू ओली आहे, आधार लागेपर्यंत उतरू नका". पुढे पोचतं "आज जपून उतरा". दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा. कामापुरतं कन्नड शिका. साइटवर कामगारांना तुमची चुकीची कन्नड चालते, उलट आवडते. आणि पोचलं काय ते कन्नड बोलणाऱ्या एखाद्या माणसाकडून मेस्त्रीसमोर नव्हे, थोड्या वेळाने वेगळं विचारून घ्या.

सरकारी कागद, म्हणजे परवानगी, कामगार खात्याचे अर्ज, नोटिसा, बहुतेक कन्नडमध्ये येतात. वाचता येत नसेल तर अंदाजाने सही करू नका, वाचून घ्या. बांधकाम परवानगीतली एखादी अट, उदाहरणार्थ रस्त्याच्या बाजूने किती जागा सोडायची ही, पुढे मोठा धोका ठरते.

५. खालून वर बातमी यायला वाट ठेवा

काम उक्तं दिलेलं असतं. स्लॅबचे चौरस फूट झाले की पैसे. अशा वेळी टेकू खचतोय असं सांगणाऱ्याचा दिवस वाया जातो, मेस्त्रीची कमाई बुडते. गप्प राहणं हा त्या माणसाचा दोष नाही, व्यवहारच तसा ठरलेला आहे. म्हणून कंत्राटदाराशी सुरुवातीलाच बोलून ठेवा: धोका सांगितल्यामुळे थांबलेल्या वेळेची हजेरी कापायची नाही. ही एक गोष्ट झाली नाही तर बाकी कितीही फळ्यांवर लिहा, बातमी येणार नाही.

दुसरं, ज्याने सांगितलं त्याला त्याच दिवशी उत्तर द्या. धोका खरा निघाला तर काय केलं ते, खरा नसेल तर का नाही ते. उत्तर न मिळालेला माणूस पुढच्या वेळी सांगत नाही.

तिसरं, बायकांना विचारा. पाणी मारणं, विटा-वाळू वाहणं यासाठी त्या दिवसभर साइटच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरतात आणि गवंड्यांना न दिसणारं त्यांना दिसतं. सकाळच्या बोलण्यात त्या मागे उभ्या असतात आणि कोणी त्यांना विचारत नाही.

कायदाही या बाजूने आहे. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत, जिवाला किंवा शरीराला गंभीर इजा होईल असं वाटलं तर ते कामावर ठेवणाऱ्याच्या नजरेस आणायचा हक्क कामगाराला दिला आहे आणि ताबडतोब उपाय करणं ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे. हे कामगारांना सांगा. कंत्राटदारालाही सांगा, शांतपणे.

६. कधी थांबायचं ते आधीच ठरवा

धोका समोर आल्यावर थांबायचं की नाही याची चर्चा सुरू झाली तर घाई जिंकते. मिक्सर लागलेला असतो, खडी-सिमेंट पडलेलं असतं, मालक पूजा करून उभा असतो. म्हणून थांबायच्या खुणा काम सुरू होण्यापूर्वी कंत्राटदाराकडून सही करून घ्या आणि फळ्याशेजारी लावा. माझी यादी अशी:

- चर किंवा खड्डा १.५ मीटरपेक्षा खोल आणि बाजूंना आधार नाही, उतारही दिलेला नाही. खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक ३७६४ आहे, ते एकदा वाचा.
- काढलेली माती काठावरच. ती काठापासून निदान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांतलं जे जास्त असेल तेवढी लांब हवी. जेसीबीवाला फेरी वाचवायला काठावरच टाकतो, त्याला पहिल्या बकेटलाच सांगा.
- काठाला समांतर भेग, खड्ड्यात पाणी, किंवा बाजूने माती झिरपणं. यांतलं एक जरी दिसलं तरी माणसं बाहेर.
- ताज्या भरावर किंवा विटेच्या तुकड्यावर उभा केलेला टेकू.
- जवळ ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) तार. इमारतीसाठी अशा तारेपासून आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर नियमाने लागतं. पण बारा मीटरची सळी उभी करून फिरवणाऱ्याला हे अंतर अजिबात पुरत नाही. तारेच्या बाजूला सळी उभी धरायचीच नाही, आणि गरज असेल तर हेस्कॉमकडे अर्ज करून पुरवठा बंद करून घ्या. अर्जाला वेळ लागतो, म्हणून तो कामाच्या वेळापत्रकातच धरा.
- वळवाचा वारा. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर आभाळ दाटून आलं की परांचीवरची माणसं खाली, पत्रे आणि प्लायवूड बांधून. वारा सुटल्यावर हे करायला वेळ मिळत नाही.

टेकू काढण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण सगळ्यात जास्त घासाघीस इथे होते. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं. भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी, हवा १५ अंशांच्या खाली नसताना, दिवस दिले आहेत: दोन आधारांमधलं अंतर ४.५ मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापेक्षा जास्त अंतराच्या स्लॅबचे १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या गोण्या बहुतेक पीपीसीच्या (राख मिसळलेल्या पोझोलाना सिमेंटच्या) असतात, त्यांना ताकद यायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे दिवस स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला चुन्याने तारीख लिहा: "या तारखेआधी टेकू काढू नये". साहेबाचा शब्द फोनवर बदलून घेता येतो. स्लॅबवर लिहिलेली तारीख सगळ्यांना दिसते.

७. व्हॉट्सॲप: उपयोग आहे, भरवसा नको

ग्रुपवर फोटो टाकला, तिघांनी अंगठा दाखवला, म्हणजे धोका कळवला असं होत नाही. अंगठ्याचा अर्थ "पाहिलं" इतकाच. कधी कधी तेवढाही नसतो, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो शुभेच्छांच्या आणि सिमेंटच्या बिलांच्या खाली जातो.

जिवाचा धोका असेल तर आधी फोन. मग फोटो, त्याखाली दुसऱ्या पायरीतलं पूर्ण वाक्य. मग वहीत तेच वाक्य आणि "फोनवर कुणाला, किती वाजता सांगितलं, तो काय म्हणाला". वाचायला अडचण असणाऱ्यांसाठी व्हॉइस मेसेज चांगला, पण त्यातलं ठरलेलं वहीत उतरायलाच हवं. धोक्यांसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात दुसरं काहीही येऊ देऊ नका. जांबोटीच्या पुढे कुठे कुठे रेंजच नसते. तिथे निरोप घेऊन जाणारा माणूस ठरवून ठेवा.

८. माणसं बदलली की सगळं पुन्हा

जुलैत रोप लावणीला खानापूरकडचे गवंडी गावी जातात. गणपतीत बेळगावातली साइट अर्धी रिकामी होते. ऊस तोडणी सुरू झाली की काही जण तिकडे वळतात, छठ-होळीला उत्तरेकडची पोरं घरी. त्या जागी दोन दिवसांसाठी नवी माणसं येतात, आणि त्यांना विहीर कुठे बुजवली आहे ते माहीत नसतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काम देण्यापूर्वी साइट फिरवा, थांबवायचे शब्द म्हणून घ्या, वहीत त्याचं नाव आणि सही किंवा अंगठा घ्या. तो एका दिवसासाठी आला असला तरी.

तुम्ही स्वतः रजेवर जाताना वही दुसऱ्याच्या हातात द्या आणि उघडे असलेले धोके त्याच्याबरोबर चालत जाऊन दाखवा. फोनवर सांगून निघू नका.

९. मालक किंवा कंत्राटदार "बघू" म्हणाला तर

हे होणारच. भांडू नका, धमकीही देऊ नका. पत्र द्या, आणि कार्बन प्रतीवर मिळाल्याची सही घ्या. मालक जी भाषा वाचतो त्या भाषेत द्या, मराठी किंवा कन्नड. कंत्राटदाराच्या फाइलीसाठी इंग्रजी प्रत करा. नमुना:

"विषय: ए-३ फुटिंगच्या खड्ड्याला आधार देण्याबाबत.
आज सकाळी आठ वाजता पाहणी केली. खड्डा २.२ मीटर खोल असून शेजारच्या दगड-मातीच्या भिंतीपासून ०.९ मीटरवर आहे. काठाला समांतर दीड मीटर लांबीची भेग आहे. पाऊस झाल्यास बाजू सुटून खाली काम करणाऱ्यांच्या जिवाला आणि शेजारच्या भिंतीला धोका आहे. उपाय दोन: लाकडी आधार देणे (एक दिवस), किंवा फुटिंग टप्प्याटप्प्याने करणे (तीन दिवस). दोन्हींचा कंत्राटदाराने दिलेला खर्च सोबत जोडला आहे. कृपया उद्या संध्याकाळी पाचपर्यंत निर्णय कळवावा. तोपर्यंत या खड्ड्यातलं काम बंद ठेवलं आहे, बाकीचं काम चालू आहे."

पत्रात दोन उपाय दिलेत तर मालकाला निवड करायला जागा राहते आणि उत्तर लवकर येतं. "बाकीचं काम चालू आहे" हे वाक्य नक्की घाला. त्याने रागाची धार बरीच कमी होते. शेजारच्या घराला धोका असेल तर शेजाऱ्याला भेटून सांगणंही तुमच्याच बाजूचं काम आहे, पण मालकाला कळवून त्याला बरोबर घेऊन जा.

पत्र देऊनही काम चालू करा असा आग्रह झाला तर त्या खड्ड्यात माणूस उतरवू नका. नोकरीची भीती खरी असते, मला ती माहीत आहे. तरीही इथे मागे सरू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन लावा. बहुतेक वेळा त्याच्या एका फोनने मालक ऐकतो.

१०. थोडक्यात वाचलं, किंवा अपघात झाला

वरून वीट पडली, कुणाला लागली नाही, सगळे हसले आणि काम पुढे गेलं. हा प्रसंग वहीत यायलाच हवा: कुठून पडली, कशी पडली, उद्या काय बदलणार. नाव लिहायची गरज नाही. नावं लिहू लागलात की असे प्रसंग तुमच्यापर्यंत येणं बंद होईल.

अपघात झाला तर क्रम ठरलेला असू द्या. आधी बाकीच्यांना बाहेर काढा. माती खचली असेल तर मदतीला धावून आत उडी मारणाराच पुढच्या ढिगाऱ्याखाली येतो. वीज असेल तर पुरवठा बंद झाल्याशिवाय माणसाला हात लावू नका. १०८ ला फोन करणारा एक, रस्त्यावर उभा राहून गाडी आत आणणारा दुसरा, ही नावं रोज सकाळी फळ्यावर लिहिलेली असावीत. पत्ता मराठी-कन्नड दोन्हीत, जवळच्या ओळखीच्या खुणेसह, फोनच्या शेजारी चिकटवा, कारण त्या क्षणी सर्व्हे नंबर कुणाला आठवत नाही. घरच्यांना तुम्ही किंवा मेस्त्री, त्यांच्या भाषेत बोलू शकणाऱ्याने कळवा. पोलीस आणि कामगार खात्याला कळवायची जबाबदारी कंत्राटदाराची, पण त्याने कळवलं का आणि किती वाजता, ते तुमच्या वहीत असू द्या.

जागा जशी आहे तशी ठेवून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्या भागातलं काम सुरू करण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र बोलवा, काय झालं ते तिन्ही भाषांत सांगा, आणि अपघात झालेला माणूस ज्याच्याबरोबर काम करत होता त्याला आधी बोलू द्या.